गाव मांडवा... पुढे काय?

‘स्वतःबद्दल थोडं सांगा ना!’ एवढं ऐकलं तरी भल्याभल्यांची बोबडी वळते. नेटवर्किंगच्या जमान्यात अर्ध्या मिनिटात आपली ओळख कशी करून द्यायची? उत्तरासाठी फार लांब जायला नको. गेटवेहून बोटीने तासाभराच्या अंतरावर ते सापडतं.

हिंदी सिनेमातली सगळ्यात गाजलेली सेल्फ-इंट्रो कुणाची? विजय दीनानाथ चौहानची! १९९०च्या ‘अग्निपथ’मधला अमिताभ आठवा. पूर्ण नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गाव मांडवा आणि वय तर वर्ष-महिने-दिवसच काय, तासासकट. त्या घोगऱ्या आवाजाची नक्कल न करणारा पोरगा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये शोधून सापडायचा नाही. याच रोलसाठी अमिताभला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

आता आवाज बाजूला ठेवा आणि ती ओळख नुसती कागदावर वाचा. नाव, आईवडील, गाव, वय. बॉस, हा तर बायोडेटा झाला! विजयचं त्यावर भागलं, कारण बापाचं नाव आणि मांडवा गाव हाच त्याच्या अख्ख्या कथेचा हिशेब होता. तो थिएटरमधल्या प्रत्येकाला आधीच माहीत होता. आपलं तसं नसतं. समोरच्याने आपला पिक्चर पाहिलेलाच नसतो.

तरीही कॉन्फरन्सच्या टी-ब्रेकमध्ये आपण सगळे विजयच होतो. ‘हाय, मी अमुक तमुक, ढमुक कंपनीत सीनियर एक्झिक्युटिव्ह, बीकॉम, एमबीए, सहा वर्षांचा एक्स्पीरियन्स.’ समोरचा ‘अच्छा, नाइस’ म्हणतो, कार्ड खिशात टाकतो आणि समोशाकडे वळतो. संध्याकाळी कार्डांचा गठ्ठा काढल्यावर यातला नेमका कोण काय करत होता, हे त्याला आठवत नाही. चूक त्याची नाही. आपण त्याला लक्षात ठेवण्यासारखं काही दिलेलंच नसतं.

लिफ्ट नाही, जेट्टी आहे

कॉर्पोरेटवाल्यांनी या अर्ध्या मिनिटाला ‘एलिव्हेटर पिच’ असं भारदस्त नाव दिलंय. मोठा साहेब लिफ्टमध्ये भेटला, तर त्याचा मजला येईपर्यंत आपलं म्हणणं सांगून झालं पाहिजे, इतका साधा फंडा. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर लिफ्ट कमी आणि जेट्ट्या जास्त. मी अलिबाग तालुक्यातली, नोकरी मुंबईत. त्यामुळे माझे कितीतरी शुक्रवार गेटवेला मांडव्याच्या कॅटामरानच्या रांगेत गेलेत. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून गाड्यांसकट नेणारी रो-रोही सुरू झाली. कुठूनही बसा, प्रवास साधारण तासाभराचा.

या बोटींमध्ये कोण नसतं? वीकेंड होमवाले वकील, साइटवर निघालेले आर्किटेक्ट, नव्या कंपनीसाठी पैसे शोधणारी मंडळी, घरी जाणाऱ्या नर्सेस, सरकारी कामाच्या फायली मांडीवर घेतलेले काका. शेजारी कोण येईल सांगता येत नाही. म्हणायला हाताशी तास असतो. पण हा पुढचा वेळ तुमच्याशी बोलायचं की सीगलचे फोटो काढायचे, हे समोरचा पहिल्या अर्ध्या मिनिटातच ठरवून टाकतो. लिफ्ट काय नि बोट काय, परीक्षेचा पेपर तोच.

गावात हा पेपर सोडवावाच लागत नाही, ही खरी गंमत. चौलच्या देवळात किंवा रेवदंड्याच्या बाजारात तुम्ही स्वतःची ओळख करून देत नाही. कुणीतरी विचारतं, ‘कोणाची गं तू?’ आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत शेजारची आजी सांगून मोकळी होते, ‘अगो, ही त्या खालच्या आळीतल्या मास्तरांची नात.’ झालं! तुमचं अख्खं नेटवर्क एका वाक्यात जोडलं गेलं.

मुंबई-पुण्याच्या ऑफिसात ती आजी नसते. खरं सांगायचं तर काहींना तिथेही आजी असते. वडिलांचा क्लब, नावाजलेलं कॉलेज, ओळखीचं आडनाव. त्यांच्याबद्दलचं वाक्य ते दारातून आत येण्याआधीच कुणीतरी बोलून ठेवलेलं असतं. अडतं ते बाकीच्यांचं. म्हणून ही अर्ध्या मिनिटाची ओळख टाय लावून फिरणाऱ्यांचं फॅड आहे, असं मला वाटत नाही. ज्याच्यासाठी आधी कुणी बोलून ठेवलेलं नाही, त्याला तिची जास्त गरज असते.

तुम्ही नाही सांगितलं, तर लोक सांगतील

रिकामी जागा रिकामी राहत नाही. तुम्ही ओळख दिली नाही, तर समोरचा स्वतःच्या मनाने देतो. हे आम्हा अलिबागकरांना वेगळं शिकवावं लागत नाही. ‘अलिबागसे आया है क्या?’ हा टोमणा मुंबईत कुठे ऐकला नाही, असा आमच्याकडचा माणूस विरळा. भोळा, अडाणी, जगाची खबर नसलेला, असे तिन्ही शिक्के एकाच प्रश्नात.

गोष्ट कोर्टापर्यंत गेली होती, माहितीये? अलिबाग तालुक्यातल्या एका रहिवाशाने या वाक्याच्या वापरावर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. फेब्रुवारी २०१९मध्ये ती फेटाळली गेली. प्रत्येकच समाजावर विनोद होतात, अपमान वाटून घेऊ नका, अशा अर्थाचं न्यायालयाने सुनावलं. निकाल कुणाला पटो न पटो, एक मात्र स्पष्ट झालं. लोकांनी लावलेलं लेबल कोर्ट काढून देत नाही. त्यावर दुसरं, अधिक पक्कं लेबल चिकटवायचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं.

आणि असं पक्कं लेबल कसं असतं, याचा नमुनाही याच किनाऱ्यावर आहे.

दोन शब्दांची पिच

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी बेने इस्रायली समाजाची परंपरा सांगते. हे ज्यू लोक इथेच रुजले. मराठी बोलू लागले. त्यांनी आडनावं घेतली तीही गावांवरून: किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर. पोटासाठी तेलाचे घाणे चालवले. अलिबागची इस्राएल आळी आणि १८४८ साली स्थापन झालेलं तिथलं सिनेगॉग आजही दाखवायला कुणीही घेऊन जाईल.

गावकऱ्यांना त्यांचा धर्मग्रंथ माहीत नव्हता, इतिहास माहीत नव्हता. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की ही माणसं तेल गाळतात आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात. म्हणून नाव पडलं ‘शनवार तेली’. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होते, ते ‘सोमवार तेली’.

हे दोन शब्द नीट बघा. ‘तेली’ म्हणजे आम्ही तुमच्यासाठी काय करतो. ‘शनवार’ म्हणजे तेच काम करणाऱ्या इतरांपेक्षा आम्ही वेगळे कुठे आहोत. एकही विशेषण नाही. ‘उत्तम’ नाही, ‘विश्वासू’ नाही, ‘तळमळीने काम करणारे’ नाही. नुसतं काम आणि फरक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे नाव त्यांना स्वतःला सांगत फिरावं लागलं नाही. एक गावकरी दुसऱ्याला सांगायचा आणि निरोप जसाच्या तसा पोहोचायचा.

माझ्या मते पिचचं सगळं मर्म इथेच आहे. चांगली ओळख म्हणजे जी ऐकणाऱ्याला आवडते ती नव्हे. चांगली ओळख म्हणजे जी तुम्ही तिथे नसताना ऐकणारा तिसऱ्याला बरोबर सांगू शकतो ती.

तिसरा माणूसच का?

कारण काम तोच देतो! अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकऱ्या बदललेल्या लोकांचा अभ्यास केला. ‘ओळखीतून नोकरी मिळाली’ म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं, ज्याच्यामुळे मिळाली तो माणूस त्या काळात किती वेळा भेटायचा? नेहमी भेटायचा, असं म्हणणारे निघाले १७ टक्क्यांच्या आसपास. जवळजवळ ५६ टक्के म्हणाले, अधूनमधून. आणि सुमारे २८ टक्के म्हणाले, क्वचितच. १९७३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘कमकुवत धाग्यांच्या ताकदी’वरचा निबंध आजही नेटवर्किंगच्या प्रत्येक चर्चेत निघतो.

कारण सोपं आहे. जिवलग दोस्ताला तीच माहिती असते, जी आपल्याला असते. नवी खबर लांबच्या ओळखीकडून येते. पण लांबच्या ओळखीला आपल्याबद्दल कितीसं ठाऊक असतं? फार तर एक वाक्य. तेच वाक्य तो पुढे कुठल्या तरी मीटिंगमध्ये बोलणार असतो, ‘अरे, हे काम करणारी एक मुलगी मला बोटीत भेटली होती...’ त्या टिंबांच्या जागी काय यावं, हे आपण आज ठरवायचं असतं.

मागा की राव!

काम सांगितलं, फरक सांगितला. मग? इथे मराठी माणूस गप्प बसतो. मागायची लाज! यावर औषध सापडतं किहीममध्ये.

१९३० साली सलीम अली बर्लिनहून पक्षिशास्त्राचं प्रशिक्षण घेऊन परतले, तर मुंबईच्या म्युझियममधली त्यांची गाइड-लेक्चररची जागा पैशांअभावी रद्द झालेली. दुसरी नोकरी मिळेना. औपचारिक पदवीही नव्हती. ते आणि पत्नी तेहमिना किहीमला येऊन राहिले. तिथे त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचं बारकाईने निरीक्षण केलं. नर एकामागून एक घरटी बांधत वेगवेगळ्या माद्यांशी संसार कसा मांडतो, हे त्यांनी टिपलं आणि १९३१मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये मांडलं.

आणि मग त्यांनी एक प्रस्ताव ठेवला. थोडक्यात तो असा होता: ज्या भागातल्या पक्ष्यांची नीट नोंद झालेली नाही, तिथलं सर्वेक्षण मी करतो. मला पगार नको. फक्त तळाचा आणि प्रवासाचा खर्च उचला. १९३१-३२मध्ये हैदराबाद संस्थानचं सर्वेक्षण झालं. पुढे त्रावणकोर, कोचीन आणि इतर संस्थानांचं. १९४१च्या त्यांच्या गाजलेल्या पक्ष्यांच्या पुस्तकामागे ही भटकंती उभी आहे.

यातून ‘फुकट काम करा’ असा धडा कृपा करून घेऊ नका. तुमच्या एचआरला तो फारच आवडेल! धडा वेगळा आहे. त्यांनी ‘काही असेल तर कळवा’ असं नाही म्हटलं. नेमकं काय करणार आणि नेमकं काय हवं, ते सांगितलं. ‘काही असेल तर कळवा’ या वाक्याला जगात कुणीच काही कळवत नाही. ‘छोट्या एक्स्पोर्टर्सचं काम करणारं कुणी तुमच्या ओळखीत आहे का?’ असं विचारलं, की समोरच्याच्या डोक्यात लगेच दोन नावं येतात.

आता वाक्य रचूया

समजा, तुम्ही एका लॉजिस्टिक्स कंपनीत अकाउंट्सला आहात. नेहमीची ओळख: ‘मी अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, रिसीव्हेबल्स बघते.’ आता अशी करून बघा: ‘गिऱ्हाइकांकडे अडकलेली बिलं मी सोडवते, आणि गिऱ्हाईक न तोडता.’ आधीची तुमच्या खुर्चीची ओळख होती, ही तुमची आहे.

समजा, तुम्ही सॉफ्टवेअर टेस्टर आहात. ‘क्यूएमध्ये आहे’ म्हणालात तर आयटीबाहेरचा माणूस नुसती मान डोलवेल. ‘बँकेचं ॲप लोकांच्या मोबाइलवर जाण्याआधी ते मोडून बघणं हे माझं काम’ म्हणालात, तर तो हसून विचारेल, ‘म्हणजे काय करता?’ आणि हा प्रश्न आला की तुम्ही जिंकलात. पिचचं काम नोकरी मिळवणं नसतंच. पुढचा प्रश्न मिळवणं, एवढंच असतं.

समजा, तुम्ही आयटी सोडून नागावला घरच्या वाडीत होम-स्टे सुरू केलाय. असे होम-स्टे तिथे पावलोपावली आहेत. मग ‘दहा जणांच्या टीमला दोन दिवस शांतपणे बसून काम करता येईल अशी नागावातली वाडी मी चालवतो’ असं म्हणा. ऐकणाऱ्याला आपल्या ऑफिसची ऑफसाइट लगेच आठवेल.

आता तुम्ही म्हणाल, ‘पण ही स्वतःची टिमकी वाजवणं नाही का?’ मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो, आणि पडावाच. पण वरची वाक्यं पुन्हा वाचा. त्यांत स्वतःची स्तुती कुठे आहे? ‘मी पॅशनेट आहे, डायनॅमिक आहे, टीम प्लेयर आहे’ ही टिमकी. शिवाय ती पोकळ. ‘मी आळशी आहे आणि माझं कुणाशी पटत नाही’ असं आजवर कुणी म्हटलंय का? ज्याच्या उलट कुणीच बोलत नाही, ते सांगून काही कळत नाही. काम सांगताना मात्र लाजायचं कारण नाही. काम लाजण्यासारखं नसेल तर!

पुरावाही जवळ ठेवा, पण चिमूटभर. सीझनमध्ये पेण-अलिबाग रस्त्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा लावून बसणाऱ्या बायका आठवा. या कांद्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण त्या त्याच्या सर्टिफिकेटची गोष्ट सांगत नाहीत. कांदा फोडून हातावर ठेवतात आणि म्हणतात, ‘कच्चा खाऊन बघा.’ तुमचा असा फोडलेला कांदा कोणता? एखादा पूर्ण झालेला प्रोजेक्ट, वाचवलेला वेळ, सोडवलेला गुंता. एकच. आणि शंभर टक्के खरा. कारण पुढचा प्रश्न त्यावरच येणार असतो.

बोटीवरचा होमवर्क

• आधी ओळख मराठीत लिहा. मातृभाषेत ‘लिव्हरेजिंग सिनर्जीज’ असलं काही लिहिताच येत नाही, हा मोठा फायदा. मग हिंदी-इंग्रजीत न्या.

• तीनच गोष्टी: काय करतो, इतरांपेक्षा वेगळं काय, आत्ता काय हवंय. पुरावा चौथा, विचारला तर द्यायचा.

• मोठ्याने बोलून बघा, तेही गोंगाटात. बोटीच्या इंजिनाच्या आवाजात जे ऐकू जातं, ते हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्येही जातं. दोन दमांत संपलं नाही, तर कात्री लावा.

• तुमच्या फील्डबाहेरच्या माणसाला ऐकवा, आत्याला ऐकवलंत तर उत्तम. दुसऱ्या दिवशी तिलाच विचारा, ‘मी काय करते सांग बघू?’ ती जे सांगेल तीच तुमची खरी पिच. जे गळून पडलं, ते टाकून द्या.

• फ्रेशर असाल तर डिग्रीने सुरुवात करू नका. हातून झालेल्या एखाद्या गोष्टीने करा. गावच्या क्रिकेट टूर्नामेंटचा हिशेब चोख ठेवला असेल, तर तोही अनुभवच.

• समोरच्याचं आधी ऐका. ‘गाव कुठलं?’ हा आपल्याकडचा जुना प्रश्न अजूनही बेस्ट ओपनर आहे. त्याच्या उत्तरात तुमच्या वाक्याला कुठे जागा आहे, ते कळतं.

आणि गाव लपवू नका. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, जिथले असाल ते बिनधास्त सांगा. फक्त गावापाशी थांबू नका. ‘अलिबागची आहे’ एवढ्यावर वाक्य संपवलं, तर पुढचं वाक्य समोरचा पूर्ण करतो, आणि ते कोणतं, हे आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. ‘अलिबागची आहे, आणि अडकलेली बिलं सोडवते’ म्हटलं, की त्या टोमण्याला जागाच उरत नाही.

शेवटी एक गोष्ट राहतेच. वाक्य कितीही घासूनपुसून घ्या, ते मागच्या कामाइतकंच टिकतं. शनवार तेली हे नाव तिथल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी राहिलं, कारण ते दर आठवड्याला खरं ठरत होतं. सहा दिवस घाणा फिरत होता आणि सातव्या दिवशी थांबत होता. शेजारच्या पोरालाही ते दिसत होतं. पिच एका संध्याकाळी लिहून होईल. सोमवारपासून घाणा मात्र तुम्हालाच फिरवायचाय!